निधीचा शोध गावाच्या दप्तरापासून

ओढ्यावर बंधारा घालावा, गाळाने भरलेला पाझर तलाव उपसावा, उजाड गायरानावर गवत व झाडे वाढवावीत, सांडपाण्याची व्यवस्था लावावी, असा विषय ग्रामसभेत निघाला तर त्यास विरोध क्वचितच होतो. चर्चा अडते ती पैशापाशी. ‘योजना कोणती आहे?’ असा प्रश्न विचारला जातो. कोणी तालुक्याच्या गावी खेटे घालतो, कोणी लोकप्रतिनिधींचे पत्र मिळवितो, आणि तेवढ्यात आर्थिक वर्ष संपून जाते. याउलट काही गावांकडे मात्र निधी एकामागून एक येत राहतो. तेथील पुढारी अधिक वजनदार असतात, असे म्हणून हा फरक पुष्कळदा झटकून टाकला जातो. वजनाचा भाग काही ठिकाणी असेलही. तथापि जवळून पाहिल्यास अशा गावांत चार गोष्टी बहुधा आढळतात. काम आधीच ठरलेले असते, जागेचे कागद तयार असतात, गावाचा हिस्सा जमा असतो आणि मागील पैशाचा हिशेब पुरा झालेला असतो.

निधीचा शोध हा मुख्यतः योजनांच्या यादीचा शोध नसून गावाच्या तयारीचा प्रश्न आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे कामाची दिशा सापडते. ही तयारी कशी करावी, निधी कोणत्या मार्गांनी येतो आणि आलेला निधी टिकाऊ कामात कसा उतरतो, याचा विचार सरपंच, सदस्य, शिक्षक व ग्रामसेवक (२०२४ पासून ज्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले) यांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.

निधीचे चार प्रवाह

गावाकडे येणारा पैसा स्थूलमानाने चार प्रवाहांतून येतो. प्रत्येकाचा स्वभाव निराळा असल्याने एकाच कामासाठी एकाच प्रकारचा अर्ज सर्वत्र पाठवून भागत नाही.

पहिला प्रवाह गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार व जागेचे भाडे इत्यादींचा पैसा ग्रामनिधीत जमा होतो. ही रक्कम लहान असते खरी. परंतु बाहेरून येणाऱ्या मोठ्या रकमेला जोड देण्याचे सामर्थ्य तिच्यातच असते. या स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावयाचा असतो, हे अंदाजपत्रक मांडताना विसरता येत नाही. नमुना ८ मधील कर आकारणीची नोंद अद्ययावत नसेल, तर गावाचे उत्पन्न किती असावयास हवे, हेच कळत नाही. अशा गावाने बाहेर हात पसरण्यापूर्वी आपले दप्तर उघडून पाहावे, हे बरे.

दुसरा प्रवाह हक्काच्या निधीचा. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत जे २९ विषय आहेत, त्यांत मृदसंधारण, लघुपाटबंधारे व पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, गौण वनोत्पादन, पिण्याचे पाणी व स्वच्छता हे विषय येतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१५ ते २०२०) ग्रामीण संस्थांचे सर्व अनुदान ग्रामपंचायतींकडे आले. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीत महाराष्ट्रात ग्रामपंचायतीस ८० टक्के, पंचायत समिती व जिल्हा परिषदेस प्रत्येकी १० टक्के अशी वाटणी होती, आणि एकूण अनुदानापैकी ६० टक्के रक्कम स्वच्छता व पाणी यांच्याशी बांधलेली होती. त्यापुढील काळासाठी सोळावा आयोग नेमला गेला. म्हणून आराखडा करताना चालू वाटणी व अटी पंचायत समितीतून लेखी घ्याव्यात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. या निधीसाठी आर्जव करावे लागत नाही. मात्र ग्रामसभेने मान्य केलेला वार्षिक आराखडा लागतो. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली २०१५-१६ पासून जो ग्रामपंचायत विकास आराखडा केला जातो, तो हाच होय. ज्या कामाचे नाव आराखड्यात नाही, त्या कामाला हा दरवाजा उघडत नाही.

तिसरा प्रवाह योजनांचा. यात जिल्हा नियोजन समितीच्या मान्यतेने होणारी कामे, जनसुविधेची कामे, ज्यांना बोलीभाषेत ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात ती लेखाशीर्ष २५१५ खालील मूलभूत सुविधांची कामे, आमदार व खासदार स्थानिक विकास निधी, तसेच मृद व जलसंधारण, कृषी, वन या विभागांच्या योजना येतात. खासदारास वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचविता येतात. पण सुचविणे वेगळे आणि मंजुरी वेगळी, मंजुरी जिल्हा प्रशासनाचीच असते. ज्या जिल्ह्यांत खाणी आहेत, तेथे २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्थापन झालेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी बाधित गावांसाठी असतो. रोजगार हमीचा मार्ग महाराष्ट्रातच प्रथम घातला गेला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव भागात आरंभ झालेल्या या योजनेला १९७२ च्या दुष्काळाने राज्यव्यापी रूप दिले, १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे बळ मिळाले आणि देशाचा कायदा २००५ मध्ये झाला. २०२५ च्या अखेरीस संसदेने त्या जागी नवा कायदा केला असल्यामुळे जुनी पुस्तिका हाती धरून अंदाजपत्रक न करता चालू नियम तालुक्यातून पाहून घ्यावेत.

चौथा प्रवाह बिगरसरकारी निधीचा. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ अन्वये, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, अथवा उलाढाल १,००० कोटी, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वाच्या कामांवर खर्च करावयाची असते. पर्यावरणाचे संतुलन व ग्रामीण विकास हे विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत आणि कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून दूरच्या मोठ्या नावाच्या मागे धावण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील औद्योगिक वसाहतीत कोण आहे, याची चौकशी करणे अधिक फलदायी ठरते. अशी कामे पुष्कळदा नोंदणीकृत संस्थांमार्फत होतात. संस्थेजवळ धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, आयकराची १२-अ व ८०-ग ही प्रमाणपत्रे, सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ ही नोंदणी असावी लागते. परदेशातून देणगी घ्यावयाची असल्यास २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास मनाई केली आहे. म्हणून ‘आमच्या नावाने पैसा येईल, तुमच्या संस्थेला देऊ’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

गावाचा हिस्सा कशासाठी?

अनुदान देणारा जवळजवळ प्रत्येक जण गावाचा हिस्सा मागतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात भांडवली खर्चाच्या १० टक्के, आदिवासी भागात ५ टक्के लोकवर्गणी होती. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामाच्या १० टक्के, आणि डोंगराळ, वनव्याप्त अथवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांसाठी ५ टक्के, असेच प्रमाण ठरविण्यात आले. हा हिस्सा म्हणजे खर्चातील कपात, असा समज अनेक ठिकाणी असतो. तो बरोबर नव्हे. ज्या घराने पाच दिवस घाम गाळला अथवा पाचशे रुपये दिले, ते घर बंधाऱ्याच्या दगडांत माती भरली जात आहे की काय, हे पाहू लागते. हिस्सा हा देखरेखीचा हक्क देतो. ठेकेदाराने गावाची वर्गणी परस्पर भरली, तर तो हक्कही त्याच्याच खिशात जातो. लोकवर्गणीच्या नावाखाली हा प्रकार जेथे चालतो, तेथील नळ पुढे कोरडे पडले तर नवल नाही.

राज्यातील अनुभव

नव्वदच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्रात सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पैसा जर्मनीचा, व्यवस्थापन नाबार्डचे, मदतीला स्वयंसेवी संस्था आणि निर्णय ग्राम पाणलोट समितीचा, अशी त्याची रचना होती. त्याचा क्रम मात्र नेहमीपेक्षा उलटा होता. गावाने प्रथम श्रमदान करावयाचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मान्य करावयाची, पाणलोटाच्या लहानशा भागावर काम करून दाखवावयाचे. त्यानंतरच संपूर्ण क्षेत्राचा निधी मिळावयाचा. जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव या कार्यक्रमात १९९६ मध्ये आले. जालना येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद व जलसंधारणाची कामे झाली. पुढे गावकऱ्यांनी शेततळी केली आणि अवर्षणप्रवण प्रदेशातील हे गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. लक्षात घ्यावयाचे ते असे की, अनुदान पाणलोटाला होते. द्राक्षबागा व पुष्कळशी पुढील गुंतवणूक शेतकऱ्यांची होती. या कार्यक्रमाचा धडा घेऊनच १९९९-२००० मध्ये नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी स्थापन झाला.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारची वाटचाल सर्वश्रुत आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आले. या गावाने आपल्यासाठी कोणतीही खास योजना निर्माण करून घेतली नाही, ही गोष्ट मात्र सांगितली जात नाही. रोजगार हमी, वन विभाग, आदर्श गाव योजना असा जो पैसा इतर गावांनाही मिळू शकत होता, तोच त्यांनी एका आराखड्यात गुंफला. श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ही सूत्रे आधी पाळली. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडावयाचा आणि त्यानुसार पिके ठरवावयाची, ही शिस्त तेथे रुजली.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचा मार्ग आणखी निराळा आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूच्या विक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले. त्यापूर्वी कित्येक वर्षे गावात अभ्यास गट चालत होते. कायदा, जंगल, मध गोळा करण्याची पद्धत यांवर चर्चा होत होती. कायदा आला तेव्हा त्याचा उपयोग करावयास गाव तयार होते. अनुदानावर आरंभ करून स्वतःच्या साधनसंपत्तीवर उभे राहणे हे सर्व निधीशोधाचे अंतिम उद्दिष्ट असावयास हवे, हे या उदाहरणावरून दिसते.

प्रस्तावाची घडण

चांगला प्रस्ताव लांबलचक नसतो. तो मोजलेला असतो. ‘गावात तीव्र पाणीटंचाई असून तलावातील गाळ काढणे अत्यंत आवश्यक आहे’, हे वाक्य अधिकाऱ्यांच्या टेबलावरील बहुतेक अर्जांत असते. त्यापेक्षा पुढील मांडणी पाहावी.

समजा, गावाच्या पाझर तलावात १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद अशा भागात सरासरी १ मीटर गाळ साचला आहे. तो ५,००० घनमीटर झाला. तेवढा उपसल्यास तलाव एकदा भरला असता ५० लाख लिटर पाणी अधिक साठेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर गाळ मावतो असे धरल्यास सुमारे १,६६७ खेपा होतील. उपसलेला गाळ मोकळा होऊन फुगतो, म्हणून त्या थोड्या अधिकच धराव्या. गावातील २० ट्रॉल्यांनी दररोज आठ खेपा केल्या तर १६० खेपा होतात, म्हणजे हे काम साधारणतः अकरा ते चौदा दिवसांचे आहे. आता हे काम उन्हाळ्यात कोणत्या पंधरवड्यात करावयाचे, यंत्राला किती दिवस व किती इंधन लागेल, कोणाच्या ट्रॉल्या येतील, हे सारे सांगता येते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची मूळ वाटणी अशीच होती. यंत्रसामग्री सेवाभावी संस्था वा सामाजिक दायित्व निधीची, इंधन शासनाचे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. २०२३ मध्ये ही योजना पुन्हा हाती घेताना लहान शेतकऱ्यांना वाहतुकीसाठीही साहाय्य ठेवण्यात आले. खर्चाचे असे तुकडे पाडले म्हणजे एकाच दात्याकडे सर्व रक्कम मागावी लागत नाही. प्रत्येकाकडे त्याला शोभेल तेवढाच भाग मागता येतो.

हे मोजमाप करण्यासाठी अभियंता येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळेतील वरच्या वर्गांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली, सुरक्षित ठिकाणी, दोरी व टेप घेऊन लांबी-रुंदी मोजू शकतात. विहिरींच्या पाण्याची पातळी दरमहा वहीत लिहू शकतात. गणिताचा हा धडा पाठ्यपुस्तकातील उदाहरणापेक्षा अधिक काळ स्मरणात राहील आणि दोन-तीन वर्षांच्या नोंदी असलेली वही कोणत्याही प्रस्तावाला वजन आणील.

प्रस्तावासोबत पुढील कागद असावेत: कामाचे स्थळ व गट क्रमांक दाखविणारा ठराव, सातबारा उतारा, साधा नकाशा, दरसूचीप्रमाणे केलेले अंदाजपत्रक, गावाच्या हिश्श्याचा पुरावा, लाभ होणाऱ्या कुटुंबांची यादी, देखभालीची व्यवस्था आणि ‘हेच काम अन्य योजनेतून मंजूर नाही’ असा दाखला. ठराव ग्रामसभेचा असावा. मासिक सभेचा ठराव त्याची जागा घेऊ शकत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा केवळ झेंडावंदनानंतरच्या सह्यांपुरत्या न उरता, आराखड्याच्या चर्चेसाठी उपयोगात आल्या, तर पुढील धावपळ टळते.

जागा आणि परवानगी

मंजूर कामे जागेवर अडकतात, हा नित्याचा अनुभव आहे. पाझर तलाव, गायरान, नाला, रस्ता, वनजमीन यांपैकी जागा कोणाची आहे, हे अर्जापूर्वी ठरले पाहिजे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेच्या लघुपाटबंधारे योजना जिल्हा परिषदेकडे असतात. तेथे तिचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. वनजमिनीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याची मंजुरी आवश्यक असते. तथापि वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) मध्ये एक महत्त्वाची सोय आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तलाव, पाणी साठविण्याच्या रचना, लहान कालवे, रस्ते अशा १३ प्रकारच्या कामांसाठी, प्रत्येक कामास १ हेक्टरहून कमी जागा लागत असेल आणि हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवरून जमीन देता येते. ही तरतूद ठाऊक नसल्यामुळे डोंगराळ भागातील अनेक लहान कामे ‘वनाची अडचण’ या शेऱ्याखाली पडून राहतात.

लाभ कोणाला, झळ कोणाला

पर्यावरणाची कामे सर्वांच्या भल्याची असतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात लाभ व झळ सारखी वाटली जात नाही. चराईबंदी केली की गायरानावर गवत वाढते. पण ज्या भूमिहीन कुटुंबाचे पोट चार शेळ्यांवर आहे, त्याला पहिल्या दिवसापासून झळ बसते. बंधाऱ्याचे पाणी मुरते ते खालच्या बाजूला विहीर असणाऱ्याच्या शेतात. वरील उदाहरणातील ५,००० घनमीटर गाळ दहा सेंटिमीटरचा थर देऊन पसरला, तर तो सुमारे बारा एकरांना पुरेल. गावात मागणारे त्याहून कितीतरी अधिक असतील. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्याच शेतात तो सर्व गेला, तर पुढील वर्षी श्रमदानाला कोण येईल?

म्हणून ग्रामसभेने काम ठरवितानाच वाटणीही ठरवावी. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना, गाळाचा ठराविक वाटा अल्पभूधारकांना, कामावरील मजुरीत गरजूंना प्राधान्य, रोपवाटिका बचत गटाकडे, असे निर्णय ठरावात लिहिलेले असावेत. ज्यांना झळ बसते त्यांची नुकसानभरपाई हा दानधर्माचा विषय नसून काम टिकण्याची अट आहे. रात्री गायरानात सोडलेल्या जनावरांनी उद्ध्वस्त केलेली रोपे या अटीचा विसर पडल्याचीच साक्ष देतात.

हिशेब हीच पुढील अर्जाची शिफारस

निधी खर्च झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, हजेरीपट, देयके, रोकडवही, छायाचित्रे आणि उपयोगिता प्रमाणपत्र ही साखळी तुटली की पुढचा हप्ता अडतो. ग्रामपंचायत लेखासंहितेत ठरवून दिलेले नमुने याचसाठी आहेत. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर न गेल्याने केवळ त्या गावाचेच नव्हे, तर पुष्कळदा संपूर्ण तालुक्याचे पुढील अनुदान लांबते. शेजारच्या निष्काळजीपणाची शिक्षा नीट काम करणाऱ्या गावालाही होते.

कागदोपत्री हिशेबाइतकाच चव्हाट्यावरील हिशेब महत्त्वाचा आहे. जलस्वराज्य प्रकल्पात सामाजिक लेखापरीक्षणासाठी गावातलीच स्वतंत्र समिती होती. तोच पायंडा प्रत्येक कामास घालून देता येईल. कामाचे नाव, मंजूर रक्कम, गावाचा हिस्सा, झालेला खर्च आणि शिल्लक एवढ्या पाच ओळी ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिण्यास काही खर्च येत नाही. त्या पाच ओळींमुळे कुजबुज थांबते आणि वर्गणी मागावयास जाणाऱ्यांची मान ताठ राहते.

‘आमच्या ओळखीने मंजुरी आणून देतो, आधी थोडा खर्च करा’ असे सांगत फिरणाऱ्या मध्यस्थांचा सुळसुळाटही हिशेबाच्या अंधारातच होतो. शासकीय अनुदानासाठी अथवा सामाजिक दायित्वाच्या निधीसाठी कोणाला टक्केवारी द्यावी लागत नाही. तशी मागणी होताच तिची लेखी तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे करावी.

अनुदान संपल्यानंतर

बहुतेक अनुदाने बांधकामासाठी असतात; दुरुस्तीसाठी कोणी देत नाही. बंधाऱ्याची झडप पहिल्या दोन पावसाळ्यांत चोरीस जाते, समतल चर गाळाने भरतात, रोपांना दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी मिळत नाही. तीन वर्षांनी तेच काम पुन्हा नव्या योजनेत मागितले जाते. असा फेरा ज्या गावात चालतो, तेथे निधी पुष्कळ येऊनही शिवार कोरडेच राहते.

यावर उपाय कठीण नाही, पण तो पहिल्याच दिवशी योजावा लागतो. प्रत्येक कामाच्या ठरावात देखभालीची जबाबदारी कोणाची, वर्षाला खर्च किती आणि तो कोठून, ही तीन उत्तरे लिहावीत. लाभधारकांची अल्प वार्षिक वर्गणी, गवत वा मासळीच्या लिलावाचे उत्पन्न, ग्रामनिधीतील ठराविक तरतूद, यांतून स्वतंत्र देखभाल खाते उघडावे. पावसाळ्यापूर्वी एक व नंतर एक अशा दोन शिवारफेऱ्या पंचायत सदस्य, शिक्षक व शेतकरी यांनी मिळून कराव्यात आणि दिसलेले नुकसान वहीत नोंदवून ग्रामसभेत वाचावे. पाच हजार रुपयांची दुरुस्ती वेळेवर झाली, तर पाच लाखांचे काम पुन्हा मागावे लागत नाही.

ज्या गावांना मदतीची गरज सर्वाधिक आहे, त्यांच्याकडेच पुष्कळदा दप्तर अपुरे, कार्यकर्ते थोडे आणि वर्गणीची ऐपत कमी असते. तयार गावाकडेच निधी जात राहिला, तर मागे पडलेले गाव आणखी मागे पडेल. हे होऊ द्यावयाचे नसेल, तर विस्तार अधिकारी, शाखा अभियंता व शिक्षक यांनी तालुक्यातील अशी दोन-तीन गावे निवडून, तेथील पहिला मोजलेला प्रस्ताव स्वतः बसून तयार करवून घ्यावा. वर्गणीची ऐपत नसेल तेथे श्रमदान हा हिस्सा मानावा. एकदा एक लहान काम नीट पार पडले, त्याचा हिशेब फलकावर लागला आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले, की दुसऱ्या अर्जास शिफारसपत्राची गरज उरत नाही. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘योजना कोणती आहे’ याऐवजी ‘काम कोणते, जागा कोणाची, आपला हिस्सा किती आणि सांभाळणार कोण’ हे चार प्रश्न लिहिले गेले, तर निधीच्या शोधाचा अर्धा मार्ग गावातच चालून झालेला असेल.